हिवाळ्यात उभी राहणारी कॅरव्हॅन : नळात थेंबभर पाणीही ठेवू नका

उभ्या गाडीला खर्च नाही, असे आपला व्यापारी नेहमी म्हणतो. टेम्पोच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु थंड मुलखात उभ्या राहणाऱ्या कॅरव्हॅनच्या बाबतीत नेमके उलटे घडते. ती धावते तेव्हा तिचे फारसे बिघडत नाही, सगळे नुकसान ती उभी असताना होते. शिवाय हे नुकसान होताना दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या रात्री आत कुठेतरी एक सांधा तडकतो, आणि मालकाला त्याचा पत्ता मार्च-एप्रिलमध्ये पाणी भरल्यावर लागतो. तोपर्यंत दुरुस्तीचे बिल तयार झालेले असते.

रत्नागिरी-रायगडकडील बरीच मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, हे वाचकांना ठाऊक आहेच. तेथे प्लंबिंग, मोटारदुरुस्ती, विजेची कामे करणाऱ्या कारागिरांना, जत्रा-बाजारात खाद्यपदार्थांची गाडी लावणाऱ्यांना आणि समुद्रकिनारी एखादी कॅरव्हॅन घेऊन ती उन्हाळ्यात भाड्याने देणाऱ्यांना हा विषय नवा नाही. जे अजून या धंद्यात उतरलेले नाहीत त्यांनी तो समजून घेण्यासारखा आहे, कारण हिवाळ्यापूर्वी गाड्यांचे पाणी काढून देणे हे तेथे एक स्वतंत्र आणि दरवर्षी ठरलेले काम आहे.

कॅरव्हॅन म्हणजे काय

शब्द आपल्याच ओळखीचा आहे. फारसी 'कारवाँ' म्हणजे काफिला, व्यापाऱ्यांचा तांडा. तोच शब्द युरोपात जाऊन 'कॅरव्हॅन' झाला आणि पुढे त्याचेच शेपूट तोडून 'व्हॅन' हा शब्द निघाला. निव्वळ सहलीसाठी बांधून घेतलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून ब्रिटनमध्ये 'वाँडरर' या गाडीचे नाव घेतात. नौदलातून निवृत्त झालेले डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ती १८८५ साली ब्रिस्टलमध्ये बनवून घेतली. ती घोड्यांनी ओढली जाई. तेथील कॅरव्हॅन क्लब १९०७ चा. आज या गाड्या बनविण्याचा मोठा उद्योग इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल शहराच्या परिसरात आहे.

गाड्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक मोटारीमागे जोडून नेण्याची, दुसरी पार्कमध्ये कायम उभी असणारी, जिला 'स्टॅटिक' म्हणतात. दोन्हींत स्वयंपाकाचा ओटा, सिंक, शॉवर, संडास आणि गॅसवर किंवा विजेवर चालणारा गीझर असतो, आणि ओढून नेण्याच्या गाडीत पाण्याचा पंपही असतो. म्हणजे एका छोट्या घराचे सगळे नळकाम असते, पण त्याला घराच्या भिंती नसतात. ओढून नेण्याच्या गाडीची भिंत इंच-दीड इंच जाडीची असते. बाहेरून अॅल्युमिनियम किंवा फायबर, मध्ये थर्मोकोलसारखा थर आणि आतून पातळ प्लायवूड. आतला हीटर बंद केला की थोड्याच वेळात आतली थंडी बाहेरच्या बरोबरीला येते. काही गाड्यांत तर नळ्या फरशीखालून, उघड्या वाऱ्यातून गेलेल्या असतात.

सहलीचा हंगाम साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत. पुढचे पाच महिने गाडी एखाद्या आवारात, शेतकऱ्याच्या वाड्यात किंवा घरासमोर उभी असते. इंग्लंडची थंडी बेताची असते, असे समजून चालू नये. १० जानेवारी १९८२ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील न्यूपोर्ट येथे उणे २६.१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. स्कॉटलंडमधील आल्टनहारा येथे ३० डिसेंबर १९९५ रोजी पारा उणे २७.२ अंशांवर उतरला होता. डिसेंबर २०१० मध्ये तर संपूर्ण देशाची महिन्याची सरासरीच शून्याखाली गेली. अशी थंडी दरवर्षी पडत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. चार सौम्य हिवाळ्यांत पाणी न काढताही काही झाले नाही, की पाचव्या हिवाळ्यात कोणी बादली हातात घेत नाही.

नळी नेमकी का फुटते

पाणी गोठले की फुगते, हे शाळेत शिकलो आहोत. हा फुगवटा सुमारे ९ टक्के असतो. पण कारागिराने यापुढचे ध्यानात घेतले पाहिजे. नळीत एका ठिकाणी बर्फाचा बोळा तयार होतो. तो वाढत जातो आणि पुढचे पाणी बंद नळाच्या दिशेने रेटतो. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि मग सर्वांत कमजोर जागा फुटते. म्हणून पुष्कळदा बर्फ एकीकडे होतो आणि फूट दुसरीकडे सापडते. नळ उघडा असेल तर या पाण्याला वाट मिळते. हिवाळ्यात सगळे नळ उघडे ठेवण्यामागे हेच कारण आहे.

कॅरव्हॅनमधील प्लास्टिकची नळी थोडीफार ताणली जाते, ती सहसा वाचते. तुटतात ते कडक भाग. नळ्यांचे सांधे, मिक्सर नळाच्या आतला काडतुसासारखा भाग, शॉवरचा दांडा, पंपाचे कवच, पाण्याच्या फिल्टरची वाटी, आणि सर्वांत महाग म्हणजे गीझरची टाकी. सांधा स्वस्त असतो, पण तो ओट्याच्या मागे किंवा पलंगाखाली दडलेला असतो. वसंतात पंप सुरू केला की तेथून पाणी फरशीत आणि भिंतीच्या लाकडी चौकटीत मुरते. फरशी फुगली, प्लायवूड सुटले, की सांध्याच्या किमतीचा प्रश्नच उरत नाही, गाडीचीच किंमत खाली येते.

पाणी काढण्याची रीत

काम तासाभराचे आहे. मात्र क्रम चुकवू नये.

आधी गीझर बंद करून पाणी थंड होऊ द्यावे. गरम पाणी सोडताना हात भाजल्याची उदाहरणे आहेत. मग पंपाचा स्विच बंद करावा. पंप चालू ठेवून पाणी काढू गेल्यास तो कोरडा फिरून जळतो. त्यानंतर सगळे नळ उघडावेत. मिक्सर नळाची मूठ एकच असेल तर ती गरम आणि थंड यांच्या बरोबर मध्ये ठेवून वर उचलावी, नाहीतर एक बाजू बंदच राहते. कामात सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. शॉवरचा दांडा काढून खाली शॉवरच्या तबकात सोडावा आणि झटकावा.

आता निचऱ्याचे व्हॉल्व्ह. ते प्रत्येक गाडीत वेगळ्या जागी असतात. पलंगाखाली, कपाटाच्या तळाशी, कधी गाडीच्या पोटाखाली. गाडीसोबत आलेले पुस्तक पाहावे आणि किती व्हॉल्व्ह आहेत ते मोजूनच काम सुरू करावे. गीझरला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो. ब्रिटनमधील बऱ्याच गाड्यांत ट्रुमा या जर्मन कंपनीचा गीझर असतो आणि ओढून नेण्याच्या गाडीत त्याची टाकी साधारण १० लिटरची असते. निचऱ्याच्या तोंडाखाली बादली धरून पाणी मोजावे. १० लिटरच्या टाकीतून ६ लिटरच निघाले तर बाकीचे आत आहे, असा सरळ हिशेब. गरम पाण्याचा नळ उघडा नसेल तर हवा आत जात नाही आणि टाकी रिकामी होत नाही, हेही तपासावे.

काही नव्या गीझरना थंडीत आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह असतो. आसपासचे तापमान सुमारे ३ अंशांवर आले की तो टाकी रिकामी करतो. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज पसरला आहे. हा व्हॉल्व्ह गीझर वाचवतो. नळ्या, नळ, पंप आणि फिल्टर यांच्याशी त्याचा संबंध नाही. 'माझ्या गाडीत आपोआप पाणी निघते' असे ग्राहकाने सांगितले तरी कारागिराने आपले काम पूर्ण करावे.

एवढे करूनही नळ्यांच्या झोळात पाणी राहते. त्यासाठी ओढून नेण्याची गाडी असेल तर व्हॉल्व्ह आणि नळ उघडे ठेवून ती थोडी पुढे-मागे करावी, एकदा पुढची बाजू उंच आणि एकदा मागची बाजू उंच करावी. कॉम्प्रेसर असेल तर अगदी हलक्या दाबाने हवा मारावी. टायरची हवा भरण्याच्या दाबाने मारल्यास सांधे सुटतील. स्टॅटिक गाडी हलवता येत नाही, म्हणून तेथे हवा मारण्याला पर्याय नाही. तिला बाहेरून जोडलेले पाणी मुख्य कॉकवर बंद करून मगच हे सगळे करावे.

फिल्टरची कांडी काढून टाकावी. ती तशीही पुढील हंगामात नवी घालायची असते. बाहेर टाकण्याचा पंप झटकून घरी न्यावा. गाडीत पाण्याची टाकी असेल तर ती रिकामी करून झाकण सैल ठेवावे. संडासाची टाकी धुऊन, सुकवून, तिची सरकती झडप उघडी ठेवावी, म्हणजे रबरी सील दबून चिकटत नाही. सीलला त्यासाठी मिळणारे वंगणच लावावे. व्हॅसलीनने रबर खराब होते.

राहिला प्रश्न सिंक आणि शॉवरखालच्या यू बेंडचा. स्टॅटिक गाड्यांत हे बेंड असतात आणि त्यातले पाणी आपोआप निघत नाही. तेथे गोठण-विरोधी द्रव ओतावा. येथे एक इशारा देणे भाग आहे. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो द्रव बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा असतो आणि तो विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळीत तो कधीही जाता कामा नये. अमेरिका-कॅनडात गाड्यांच्या नळकामात गुलाबी रंगाचा, प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव भरण्याची पद्धत आहे, कारण तेथे महिनोन्‌महिने बर्फ वितळत नाही. ब्रिटनमध्ये पाणी पूर्ण काढणे हीच मुख्य रीत समजली जाते. काही गाड्यांत आल्डे या स्वीडिश कंपनीची पाण्यावर चालणारी उष्णता-योजना असते. तिच्यात ग्लायकॉल मिसळलेलाच असतो, ते पाणी काढायचे नसते. त्याची मात्रा मात्र ठरलेल्या मुदतीत तपासून घ्यावी लागते.

गॅस, बॅटरी आणि चाके

आत छोटा हीटर लावून ठेवला म्हणजे पाणी काढायला नको, असे सुचविणारे भेटतात. वीज एक रात्र गेली की सगळे मुसळ केरात. शिवाय माणूस नसलेल्या गाडीत चालू हीटर ठेवणे आगीच्या दृष्टीने बरे नाही. गॅसच्या हीटरबाबत आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये काल्‌र कंपनीच्या निळ्या सिलिंडरात ब्युटेन असतो. तो शून्य अंशाच्या आसपास वायूरूपात येणेच थांबवतो. लाल सिलिंडरातील प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम देतो. हिवाळ्यात गाडी वापरायची असेल तर लाल सिलिंडरच लागतो. गाडी उभीच राहणार असेल तर सिलिंडर बंद करून काढावा आणि नळीच्या तोंडाला टोपी घालावी, म्हणजे कोळी आत घर करीत नाहीत. भाड्याने दिल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनच्या गॅसचे काम 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्यानेच करायचे असते. १ एप्रिल २००९ पासून जुन्या 'कॉर्गी'च्या जागी ही नोंदणी आली आहे. नोंदणी नसलेल्या प्लंबरने पाण्यापुरतेच काम घ्यावे.

बॅटरी उतरलेली ठेवू नये. पूर्ण भरलेल्या साध्या बॅटरीतील द्रव ब्रिटनच्या कोणत्याही थंडीत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत आम्ल कमी आणि पाणी जास्त होते, ती शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून फुगते. म्हणून बॅटरी घरी नेऊन महिन्याला एकदा चार्ज करावी. नवी लिथियमची बॅटरी शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नये, ती खराब होते.

हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. ब्रेक ओढून ठेवला तर पाच महिन्यांत त्याचे शू ड्रमला गंजून चिकटतात. टायरमध्ये हवा पूर्ण ठेवावी आणि महिन्यातून एकदा चाक पाव फेरा फिरवावे. चार कोपऱ्यांतले पाय गाडी स्थिर ठेवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर गाडी उचलल्यास तळ वाकतो. गाडीची एक बाजू किंचित उंच ठेवावी, म्हणजे छतावर पाणी साचत नाही.

ओल : दुसरा शत्रू

थंडीचे नुकसान नळातूनच होते असे नाही. छताच्या आणि भिंतीच्या सांध्यातले सीलंट जुने होऊन भेगाळते. भेगेत पावसाचे पाणी शिरते, रात्री गोठते, फुगून भेग रुंद करते, दिवसा वितळून आणखी आत जाते. एका हिवाळ्यात हे अनेक वेळा घडते. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी छत धुऊन सगळे सांधे बोट फिरवून पाहावेत. पाने, शेवाळ काढावे. खिडक्या अॅक्रिलिकच्या असतात. त्यांना थिनर किंवा स्पिरिट लावू नये, बारीक तडे जातात.

आत खाण्याची एकही वस्तू ठेवू नये. साखरेचा पुडा उंदरांना बोलावणे पाठवतो आणि उंदीर वायरही सोडत नाहीत. फ्रिज पुसून त्याचे दार फटीएवढे उघडे राहील असे अडकवावे. गाद्या घरी नेता आल्या तर उत्तम, नाहीतर भिंतीपासून दूर, आडव्या कडेवर उभ्या कराव्यात. कपाटांची दारे उघडी ठेवावीत. ओल शोषणाऱ्या डब्या मिळतात, जुने लोक वाटीत मीठ ठेवीत. दोन्हींचा उपयोग मर्यादित आहे. खरे काम हवा खेळती ठेवण्याने होते. म्हणून फरशीतली आणि छतातली हवेची कायमची छिद्रे कधीही बुजवू नयेत. ती गॅसच्या सुरक्षिततेसाठीही असतात. वरून आच्छादन घालायचे तर हवा जाऊ देणाऱ्या कापडाचे घालावे. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने ती फडफडून खिडक्यांवर ओरखडे पडतात.

याच ठिकाणी महाराष्ट्राचा संबंध येतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे नळ फुटण्याइतकी थंडी नाही. परंतु कोकणात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीला ओलीचे हे सगळे नियम जसेच्या तसे लागू आहेत. आणि मुंबई-पुण्याची गाडी हिवाळ्यात मनाली, स्पिती किंवा लडाखकडे निघाली तर पाण्याचेही नियम लागू होतात. लेहमध्ये हॉटेलवाले हिवाळ्यात नळांचे पाणी काढून बादलीने पाणी पुरवतात, ते उगाच नव्हे.

काम घेणाऱ्यांसाठी

परक्याची गाडी ही अमानत असते आणि तिचे नुकसान चार महिन्यांनी उघडकीस येते. त्यामुळे हे काम तोंडी घेऊ नये. गाडी ताब्यात घेताना कोणते नळ आधीच गळके आहेत, भिंतीत कोठे ओल आहे, हे लिहून ग्राहकाची सही घ्यावी. कोणते व्हॉल्व्ह उघडले, गीझरमधून किती लिटर पाणी निघाले, कोणत्या बेंडमध्ये कोणता द्रव घातला, तारीख कोणती, हे कार्डावर मांडावे. मालकालाही त्याचा उपयोग आहे. बऱ्याच विमा पॉलिसींत हिवाळ्यात पाणी काढण्याची अट असते. ती पाळल्याचा पुरावा नसेल तर दावा अडतो. पॉलिसीतील तारखा आणि शब्द नीट वाचूनच ग्राहकाला कामाची तारीख द्यावी. नोव्हेंबर उजाडल्यावर सगळेच एकदम येतात. ज्यांनी सप्टेंबरमध्येच जुन्या ग्राहकांना फोन केले त्यांचे काम ऑक्टोबरात आटोपते.

गीझरच्या बटणावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी : 'पाणी काढले आहे. भरल्याशिवाय सुरू करू नये.' रिकाम्या टाकीवर गीझर पेटवून तो जाळणारे मालकही असतात. जत्रेत चहा-कबाबची गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांच्या गाडीला हंगामाच्या पहिल्याच दिवशी गरम पाणी लागते.

वसंतात उलट क्रमाने जावे. सगळे व्हॉल्व्ह आणि नळ बंद करावेत, गीझर बंदच ठेवून पंप सुरू करावा. एकेक नळ उघडून हवा जाऊ द्यावी आणि पाण्याची धार सलग आली की बंद करावा. मग पंप चालू ठेवून शांत बसावे. कोणताही नळ उघडा नसताना पंप मधूनच गुरगुरला तर कोठेतरी गळती आहे. टॉर्च घेऊन पलंगाखाली, ओट्यामागे प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. गळती नसेल तर टाकी आणि नळ्यांत निर्जंतुक करणारा द्रव घालून, पुस्तकात सांगितलेला वेळ ठेवून, स्वच्छ पाण्याने धुवावे. मगच गीझर पेटवावा. शेवटी ओल मोजण्याचे मीटर भिंतीच्या त्याच जागांना लावावे जेथे ऑक्टोबरात लावले होते. १५ टक्क्यांपर्यंत आकडा आला तर भिंत कोरडी समजतात, २० च्या वर गेला तर सीलंट उघडून पाहावे लागते. दोन्ही आकडे त्याच कार्डावर शेजारी-शेजारी लिहून कार्ड मालकाच्या हाती द्यावे.